दहावी पास नाक

आमच्या गल्लीत मंडळाची गाडी आली नसती, तर नाकालाही शिक्षण लागतं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

मंडळ म्हणजे राज्याचं पर्यावरण मंडळ. हवा-पाणी कोण घाण करतंय ते बघायचं आणि लोकांना माहिती द्यायची, अशी त्यांची दोन कामं. पहिलं काम कोण करतं ते मला अजून सापडलेलं नाही. दुसरं मात्र जोरात चालतं. त्या दिवशी हिरवी गाडी आली, टपावर कर्णा, आणि कर्ण्यातून एक बाई हवेबद्दल इतकं गोड बोलत होती की हवा तिची धाकटी बहीणच असावी. गाडी स्वतः मागून काळंकुट्ट काहीतरी सोडत होती. मी ते ड्रायव्हरला दाखवलं. तो म्हणाला, "ही प्रचाराची गाडी आहे. तपासणीची वेगळी असते."

एक गुळगुळीत पत्रक हातात पडलं. धुराचे प्रकार रंगीत छापलेले, काय जाळू नये त्याची चित्रं, आणि तळाशी ठळक अक्षरात, 'दुर्गंधी येते? सहन करू नका. आम्हाला कळवा.'

सहन करू नका, असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. शाळेत सहन कर, घरी सहन कर, गिऱ्हाइकासमोर तर दात काढून सहन कर. आणि इथे साक्षात सरकार छापून सांगतंय की नको. मी भुलले. कुणीही भुललं असतं.

आता आमची दुर्गंधी काय ते सांगते. आईची लाँड्री आहे. पुढच्या खोलीत मशिनं, मागच्या खोलीत आम्ही, आणि कपडे वाळत घालायला बिल्डिंगची गच्ची. बिल्डिंगच्या मागे पिंपवाल्याचं आवार. तो कारखान्यांतून रिकामी पिंपं आणतो. रिकामी म्हणायची आपली, तळाला चिकट, पिवळं, लाल, काय वाटेल ते साचलेलं असतं. खरवडायचा कंटाळा, म्हणून हा आत पेटता बोळा टाकतो. जळून गेलं की निळा रंग मारून पिंप विकायला मोकळा. आणि हे सगळं करतो भर दुपारी, म्हणजे बरोबर आमचे कपडे दोरीवर असताना. वास कसा सांगू? जळकं रबर, त्यात सडलेली अंडी, वरून नेलपॉलिश. ओल्या कापडात हा वास एकदा शिरला की घर केल्यासारखा राहतो. भाडं देत नाही आणि जातही नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बाळंतपणाचं हॉस्पिटल. चादरी, गाऊन आणि बाळांची दुपटी. तिथली मेट्रन दुपटं नाकाला लावल्याशिवाय ताब्यात घेत नाही. मागे तिने गठ्ठा उघडला, एक हुंगलं आणि आईसमोर ठेवलं.

"बाई, साबण बदललात का? स्वस्तातला घेताय?"

"नाही हो सिस्टर, तोच आहे."

"मग हे काय? हे मी आत्ता जन्मलेल्या जिवाभोवती गुंडाळू? पुन्हा असं आलं तर मी दुसरीकडे देईन. वाईट वाटेल मला. पण देईन."

हॉस्पिटल गेलं तर लाँड्री गेली, हे आमच्या मशिनांनाही ठाऊक आहे. बाकीचं गिऱ्हाईक म्हणजे एखादा कोट, एखादा पडदा. आई घरी आली आणि सगळी दुपटी परत धुवायला बसली. गप्प बसणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो, कारण मग त्यांच्या वाटचं मला बोलावं लागतं. मी थेट पिंपवाल्याकडे गेले. तो खुर्चीत बसून कान कोरत होता. म्हणाला, "घरात कुणी मोठं माणूस असेल तर पाठव."

म्हणून मंडळ.

आधी फोन केला. फोनवरही तीच गोड बाई. स्वच्छ हवा ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे, धुळीच्या माहितीसाठी अमुक दाबा, आवाजाच्या माहितीसाठी तमुक दाबा. दुर्गंधीला बटणच नाही. मी सगळी बटणं दाबली. शेवटी एका कंटाळलेल्या माणसाने उचलला.

"धुराचा रंग?"

"रंगाचं नाही हो, वासाचं आहे."

"पत्रकात बघा. काळा, करडा, पांढरा."

"अहो वास येतो. वास."

"मग करडा लिहू?"

मी फोन ठेवला. आई म्हणते आपटला.

वरच्या मजल्यावर माझा मामा राहतो. त्याने कुठल्याच ऑफिसात नोकरी केलेली नाही, त्यामुळे त्याला सगळ्या ऑफिसांतलं कळतं. तो मला तोफ म्हणतो. "तोफे," तो म्हणाला, "ऑफिसात डाफरून काम होत नसतं. तिथे शिकलेलं माणूस पुढे घालायचं आणि आपण मागे उभं राहून माना हलवायच्या."

शिकलेलं माणूस म्हणजे शेजारच्या ब्लॉकमधले हेडसर. ज्या शाळेतून मी नववीत बाहेर पडले तिचेच रिटायर हेडमास्तर. बाहेर पडले म्हणजे माझी मी पडले. काढलं नाही, नापासही झाले नाही. हा फरक मी सगळ्यांना समजावून सांगते आणि सगळे 'बरं बरं' म्हणतात. हेडसरांना बारा महिने सर्दी. त्यांच्या रुमालांसाठी आईने वेगळी बादली ठेवली आहे. कोट घालून ते तयार झाले आणि वाटेत मला बजावलं, "तू बोलायचं नाहीस. मी बोलतो."

मंडळाचं ऑफिस म्हणजे सगळ्या खिडक्या बंद आणि आत कसलंसं फुलांचं फवारलेलं. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. त्यांना माहिती आहे ना ती कशी असते. भिंतीवर पत्रकं, टेबलावर पत्रकं, एका टेबलाचा पाय हलत होता त्याखाली पत्रकं. तिथे जनजागृतीच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मी दचकले. कर्ण्यातली गोड बाई हीच.

"किती छान. तरुण मुली पर्यावरणात रस घेतायत."

"मला रस नाही. मला वास येतोय."

हेडसरांनी माझा दंड दाबला आणि बोलायला उभे राहिले. बसून बोलता आलं असतं. त्यांनी मानव आणि निसर्ग यांच्यापासून सुरुवात केली. ते पिंपांपर्यंत पोचले तेव्हा मॅडमचा चहा पिऊन झाला होता आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"तुमची अडचण समजली," मॅडम म्हणाल्या. खरंच समजल्यासारखं तोंड केलं, तेवढं मी कबूल करते. "पण बघा, धूळ मोजायला यंत्र आहे. आवाज मोजायला यंत्र आहे. आमच्याकडे वासाचं यंत्र म्हणजे माणसाचं नाक."

"मग चला की," मी म्हटलं. "तुम्हाला आहे ना?"

"माझं नाक प्रमाणित नाही."

आणि मग त्यांनी नाक समितीची योजना सांगितली. वस्तीतल्याच लोकांची परीक्षा घ्यायची, पास होतील त्यांना मंडळाचा बिल्ला द्यायचा. हे लोक पाहणीच्या दिवशी जागेवर जाऊन वास घेणार आणि शून्य ते पाच असे गुण देणार. तीनच्या वर गेलं की मंडळ ते काम बंद करायला लावणार. तीन आले तर लेखी समज. योजना कधीची छापून तयार होती, पण एकाही वस्तीने नाकं पुढे केली नव्हती. "तुमची पहिली समिती होईल," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे असे चमकले की हेडसरांनी तिथल्या तिथे छाती पुढे काढली.

मीही खूश झाले. वासच घ्यायचा ना? घरात दूध लागायच्या आधी मला कळतं. गिऱ्हाइकाने शर्ट पुढे केला की काल नवरा कुठे जेवला ते मी बायकोच्या आधी सांगू शकते. म्हटलं, एक तरी परीक्षा आली जिचा अभ्यास आपला झालेला आहे.

परीक्षा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली. आदल्या दिवसापासून सल्ले सुरू. मामा म्हणाला, कांदा खाऊ नको. दुसऱ्या मजल्यावरची सेंटकाकू म्हणाली, कॉफीची पूड हुंग, नाक साफ होतं. तिला सेंटकाकू म्हणतात कारण ती जिन्यातून गेली की जिना संध्याकाळपर्यंत विसरत नाही. परीक्षेच्या सकाळी तिने नेहमीपेक्षा दुप्पट मारलं होतं. "मॅडम येणार ना गं, बरं दिसतं." त्यामुळे पार्किंगमध्ये आता मंडळाच्या बाटल्या आणि काकू अशी सरळ स्पर्धा होती.

मॅडमनी टेबलावर बाटल्या मांडल्या. मामाने प्रत्येक बाटली नाकाशी धरली आणि प्रत्येक वेळी गंभीरपणे म्हणाला, "केमिकल." हेडसर मोठा आवाज करून हुंगायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "आंबट." सगळ्या आंबट. काकूने बाटल्यांची स्वस्त आणि महाग अशी वाटणी केली.

माझी पाळी आली. "हे व्हिनेगर. हे लवंगेचं तेल, दातवाल्याकडे असतं ते. हे सडकी कोबी, पण खरी कोबी नाही, तसलं काहीतरी औषध. हे रॉकेल, पण पाणी घातलंय. आणि यात काहीच नाही. नुसतं पाणी. झाकणाच्या रबराचा वास येतोय तेवढा."

मॅडमनी चष्मा काढला. "पाण्याची बाटली आजपर्यंत कुणीच ओळखली नव्हती. आमच्या ऑफिसातसुद्धा."

पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या. आई दारात उभी होती, तिने पदराने हात पुसले, उगाच, कोरडेच होते. मग मॅडमनी पेन उघडलं.

"शिक्षण?"

"नववी. अर्धी."

पेन थांबलं. "अगं, सदस्य किमान दहावी उत्तीर्ण पाहिजे."

"नाकाला?"

"सदस्याला."

"पण वास सदस्य घेणार की नाक घेणार?"

"नियम मी केलेला नाही गं बाळा."

मला बाळा म्हटलेलं आवडत नाही. त्यातून हेडसर पुढे आले, रुमालात नाक शिंकरलं आणि म्हणाले, "मी तुला तेव्हाच बजावलं होतं. शिक्षण सोडू नकोस. कुठे ना कुठे अडतंच."

"वास घ्यायला अडेल असं नव्हतं सांगितलंत, सर."

"सगळंच धरून सांगितलं होतं."

तर निवड झाली. हेडसर अध्यक्ष, मामा आणि सेंटकाकू सदस्य. एकाला वास येत नाही, एकाला सगळं केमिकल, आणि एक स्वतःच तीनच्या वर. त्यांना हिरवे बिल्ले मिळाले, त्यावर नाकाचं चित्र. मला खुर्च्या उचलून आत ठेवायला सांगितलं. खुर्च्यांना शिक्षणाची अट नव्हती.

तरी मी गिळलं. म्हटलं, नाक कुणाचंही असो, पिंपवाल्याचा वास मेलेल्यालाही येईल.

पाहणीच्या आदल्या दिवशी गल्लीत हिरवी गाडी. कर्ण्यातून गोड आवाजात, "नागरिकहो, उद्या सकाळी नाक समिती मागील आवाराची पाहणी करणार आहे. सर्वांनी सहकार्य करावे." एकदा नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पिंपवाल्याच्या फाटकासमोर तर गाडी वळवायची होती म्हणून चांगली थांबून. मी धावत जाऊन बोनेटवर हात आपटला.

"अहो, त्यालाही ऐकू जातंय."

ड्रायव्हर म्हणाला, "सगळ्यांनाच गेलं पाहिजे. त्यासाठीच कर्णा आहे."

मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, पाहणीची माहिती सर्व संबंधितांना आधी देणं बंधनकारक आहे, याला पारदर्शकता म्हणतात. म्हटलं, चोराच्या दारात जाऊन पोलीस कधी येणार ते ओरडणं, याला आमच्याकडे वेगळं म्हणतात. काय म्हणतात ते त्यांनी विचारलं नाही, नाहीतर सांगितलं असतं.

सकाळी आवार बघितलं तर पिंपवाल्याने लग्नघर केलं होतं. जमीन धुतलेली, सगळीकडे लिंबाच्या वासाचं फिनेल, अर्ध्या कापलेल्या पिंपांत झाडं लावलेली. झाडांची मुळंसुद्धा अजून पिशवीत होती. स्वतः पिंपवाला कडक इस्त्रीच्या शर्टात. इस्त्री आमचीच. समितीला आणि नोंदी घ्यायला आलेल्या मॅडमना खुर्च्या, थंड सरबत. हेडसर हात मागे बांधून परीक्षेच्या हॉलमध्ये फिरावं तसे फिरले. प्रत्येक पिंपात डोकावून, नाक वर करून, जरा थांबून म्हणाले, "शून्य."

काकू म्हणाली, "मी दोन देईन. लिंबू येतंय. पण छान येतंय."

छानसाठी रकाना नव्हता. मामाने सरबताचा दुसरा पेला उचलला आणि शून्याला पाठिंबा दिला. मी फाटकाबाहेर उभी होते, कारण आत फक्त बिल्लेवाले. पिंपवाला मला बघून हसला. मी तुम्हाला सांगते, त्या हसण्याला मी पाच दिले असते.

इथवरच झालं असतं तर गप्प बसले असते. पण समिती परत निघाली ती आमच्या दारावरून. आत आई चादरींसाठी ब्लीच कालवत होती, डबा उघडा. हेडसर दारात थबकले. त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडलं, आणि असा शिंकले की बिल्ला उलटा झाला. कित्येक वर्षांत त्या नाकात पहिल्यांदा काहीतरी शिरलं होतं.

"आला," ते म्हणाले. "मला वास आला. चार."

"सर, ते ब्लीच आहे. तुमचे रुमालसुद्धा त्यातच धुतात."

"वास तो वास. समिती आपपरभाव करत नाही."

मामा पुढे झाला. "सर, बहीण आहे हो माझी. दोन लावा."

मग आमच्या दारात उभं राहून घासाघीस झाली आणि तीनवर सौदा पटला. मॅडमनी ते लिहून घेतलं. आईच्या हातात समज पडली आणि सोबत एक पत्रक, 'दुर्गंधी निर्माण करणाऱ्या व्यावसायिकांसाठी सूचना'. आईने ओले हात झटकून ते घेतलं आणि म्हणाली, "बरं." बरं, म्हणे. मी भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही, अंगठा सुजला.

समिती जेवायला गेली आणि पिंपवाल्याने आदल्या दिवसापासून थोपवून धरलेली सगळी पिंपं एकदम पेटवली. गच्चीवर हॉस्पिटलच्या चादरी. मी लंगडत हेडसरांच्या दारावर गेले. "सर, चला, आत्ता या. आत्ता येतोय."

ते लुंगीवर होते. बिल्ला खुंटीवर. "पुढची पाहणी पुढच्या तिमाहीत आहे."

"अहो पण वास आत्ता आहे."

"वेळापत्रकाबाहेर," हेडसर म्हणाले, "माझं नाक खासगी आहे."

मामा झोपला होता. काकू म्हणाली, "येतोय गं बाई, डोकं उठलंय माझं, पण अध्यक्षांशिवाय मला एकटीला वास घेता येत नाही." मॅडमनी फोनवर विचारलं, समितीने नोंदवलं का? म्हटलं, समिती घोरतेय. तर म्हणाल्या, मग माहिती अपुरी आहे.

या लोकांची माहिती अशीच. वरून खाली नळासारखी सोडतात, खालून वर एक थेंब चढत नाही.

आईने चादरी पुन्हा धुतल्या, खोलीत दोऱ्या बांधून पंख्याखाली वाळवल्या. गठ्ठा उशिरा गेला आणि कोपरे दमट. मेट्रनने घेतला, पण म्हणाली, "बाई, या महिन्यानंतर बघू." बघू म्हणजे काय ते आम्हाला दोघींनाही कळलं. आई घरी येऊन मशिनावर हात ठेवून उभी राहिली. मशीन बंद होतं.

अशात मॅडम स्वतः आमच्या दारात आल्या. हातात पिशव्या, तोंडावर आनंद. राज्यातल्या पहिल्या नाक समितीचा सत्कार होता. मंडळाचे मोठे साहेब येणार. विषय हवा आणि आरोग्य, म्हणून जागा बाळंतपणाच्या हॉस्पिटलचा हॉल. "टेबलक्लॉथ, स्टेजचा पडदा आणि खुर्च्यांची कव्हरं आहेत. आम्ही शक्यतो स्थानिक लोकांनाच काम देतो."

आई म्हणाली, "ठेवा."

मी ते सगळं धुतलं. चांगलं धुतलं, कामात खोट नाही. मग दुपारी गच्चीवर नेलं. खाली पिंपवाल्याचा बोळा पेटलेला दिसत होता. रोज या वेळेला आम्ही दोघी कपडे ओढून काढायला धावतो. त्या दिवशी मी सावकाश एकेक कव्हर पसरलं, सुरकुती काढली, चिमटे लावले. पडदा तर मधोमध, धुराच्या वाटेवर.

आई वर आली. मला वाटलं, आता बसते एक. तिच्या लाँड्रीतून एवढ्या वर्षांत बटण तुटलेलं गेलं नाही, आणि मी हे करतेय. तिने पडद्याचं टोक धरलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "घडी घट्ट घाल. म्हणजे आत राहील."

मी पुढचं कव्हर पसरायला घेतलं.

"आणि कडा जुळव. आपल्याकडून गेलेल्या कापडाची घडी वाकडी दिसता कामा नये."

हॉलमध्ये एसी लावलेला, दारं-खिडक्या बंद. मी आणि आईने कव्हरं चढवली आणि मागे भिंतीशी उभ्या राहिलो. पहिल्या रांगेत समिती, बिल्ले चकाकत. पलीकडे मेट्रन आणि नर्सेस. मोठे साहेब स्टेजवर बसले, टेबलक्लॉथवर कोपरं टेकली आणि मॅडमनी गोड आवाजात सुरुवात केली. माणसं बसली, कापड अंगाच्या उबेने गरम झालं, आणि घडीत दाबून ठेवलेला वास हळूहळू उठला.

आधी एका नर्सने रुमाल काढला. मग लोक एकमेकांच्या चपलांकडे बघायला लागले. मोठ्या साहेबांनी आधी शेजाऱ्याकडे संशयाने बघितलं, शेजाऱ्याने त्यांच्याकडे. मॅडम 'शुद्ध हवेचा प्रत्येक श्वास' म्हणता म्हणता खोकल्या.

साहेब उभे राहिले. "हा कसला वास आहे?"

मीच मागून ओरडले, "समिती बसली आहे की समोर. बिल्ले लावून. विचारा."

साहेबांचं लक्ष गेलं. "बरोबर. अध्यक्ष, किती गुण?"

हेडसर उठले. जोरात हुंगलं. पुन्हा हुंगलं. सगळा हॉल त्यांच्या नाकाकडे बघत होता. मी त्यांना शाळेत कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून येत नाही." आणि बसले.

काकूने नाकाला पदर लावला होता. "पाच. सहा असतील तर सहा घ्या."

"पाच," मामा म्हणाला. या वेळी केमिकल म्हणाला नाही. त्याने मागे वळून आईकडे बघितलं.

मॅडमनी लिहून घेतलं आणि त्यांचं पेन अडलं. "साहेब, ठिकाण काय लिहू? वास हॉलमध्ये आहे. म्हणजे आयोजक... आपणच. नियमाप्रमाणे आपल्याला आपला कार्यक्रम बंद करायला लागेल."

"हा पिंपवाल्याचा आहे," मी पुढे घुसले. "कव्हरं आमच्या गच्चीवर वाळत होती, तो पिंपं जाळत होता. हाच तो. रोजचा. आता आला ना नाकात? आता लिहा."

मॅडम नोंदींचे कागद चाळत राहिल्या. "तिथे शून्य नोंद आहे गं. ती आता पुढच्या पाहणीलाच बदलता येईल."

माझ्या हाताशी खुर्ची होती. ती मी उचललीच असती, आईने मनगट धरलं. ती मला बाजूला सारून पुढे गेली. मला वाटलं साहेबांकडे चालली. साहेबांनाही तसंच वाटलं, त्यांनी मान वाकडी करून ऐकायची तयारी केली. ती त्यांच्यासमोरून गेली आणि मेट्रनसमोर उभी राहिली.

"सिस्टर, साबण तोच आहे," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तोच आहे. तो मी बदलणार नाही, उपाशी राहीन पण बदलणार नाही. तुम्हाला वाटलं मी बाळांच्या कपड्यात काटकसर केली. तेवढं तुम्ही मनातून काढा. मग काम दिलं नाही तरी चालेल."

मेट्रनने खुर्चीचं कव्हर ओढून काढलं आणि हुंगलं. "तोच," ती हळूच म्हणाली. "अगदी तोच." मग ते कव्हर घडी घालून बाजूला ठेवलं. मागे साहेब खिडक्या उघडा म्हणून ओरडत होते आणि खिडक्या कुणी कधी उघडल्याच नव्हत्या, त्यामुळे उघडत नव्हत्या.

"बाई," मेट्रन म्हणाली, "ओले आणाल का? आमची गच्ची उंच आहे. दोऱ्या मी बांधून देते."

तर आता असं चालतं. कपडे घरी धुवायचे, पिळायचे, हातगाडीवर घालायचे आणि अर्ध्या गावातून हॉस्पिटलपर्यंत ढकलायचे. मग सगळे मजले चढून वर. ओलं कापड किती जड असतं ते वाळलेलं वापरणाऱ्यांना कळायचं नाही. पिंपवाल्याचं म्हणाल तर त्याच्यावर मंडळाचा अभ्यास चालू आहे. तो आता झाडांना पाणी घालतो आणि मग जाळतो.

पहिल्या दिवशी मेट्रन वर आली. दोरीवरचं एक वाळलेलं दुपटं काढलं, नाकाला लावलं आणि म्हणाली, "कशाचाच वास नाही."

आई अशी हसली की जणू कुणी तिला मेडल घातलं. मला हसू येईना. कशाचाच वास नसलेली हवा, ती काय दुकानात मिळते? आमच्या डोक्यावर पण होती ती, आमच्या जिन्यावरून चढलं की फुकट. तिच्यासाठी आता आम्ही पाणी गळणाऱ्या टोपल्या पाठीवर घेऊन दुसऱ्याच्या गच्चीवर येतोय, माझ्या आईचे गुडघे प्रत्येक पायरीला वाजतायत, आणि वर बक्षीस मिळाल्यासारखं हसायचं. मी तसं म्हणालेसुद्धा, जोरात. खालच्या वॉर्डात एक बाळ रडायला लागलं.

"झालं बोलून?" आई दोरीकडे वळत म्हणाली. "आता चिमटे दे."

मी दिले. चिडूनच दिले.